सैनिकांचे सन्मानफलक आणि आपला सुतारधंदा

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही पंडित नव्हे, की वक्ताही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी शिकवीत उभे आयुष्य घालविलेला मी नांदे गावचा एक निवृत्त शिक्षक आहे. आमच्या चिटणिसांनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी ‘सैनिकांचे लाकडी सन्मानफलक’ असे सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “गुरुजी, एवढ्याशा विषयावर अर्धा तास कसा बोलणार?” विषय लहान आहे हे मलाही मान्य आहे. परंतु लाकूड हे आपले पिढीजात साधन आहे आणि सैनिक हा आपल्या प्रत्येक गावचा ऋणको नव्हे, तर धनको आहे. या दोघांची गाठ जेथे पडते, ती वस्तू लहान असली तरी विचार करण्याजोगी आहे असे मला वाटते.

हा विषय मला कसा सुचला ते प्रथम सांगतो. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आमच्या गावातील एक निवृत्त हवालदार काखेत काहीतरी फडक्यात गुंडाळून माझ्या ओटीवर आले. मराठा पलटणीत चोवीस वर्षे नोकरी केलेला हा माणूस. बोलणे मोजके आणि चालणे अजूनही ताठ. त्यांनी फडके सोडले. आत एक ढालीच्या आकाराचा फलक होता. गावातील तरुणांनी मोठ्या प्रेमाने त्यांचा सत्कार केला होता आणि शहरातील एका दुकानातून तो फलक करवून आणला होता. आता त्याची कड फुगून पोळीसारखी झाली होती, वरचा लाकडासारखा दिसणारा कागद सुटला होता आणि चिकटविलेली सोनेरी अक्षरे गळून पडली होती. हवालदारांनी सदऱ्याच्या खिशातून त्यांतली चार-पाच अक्षरे काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “गुरुजी, नाव गळालं बघा माझं. लावून देता का?”

समाजबंधूंनो, ते हसत म्हणाले, परंतु मला हसू आले नाही. ज्या माणसाने आपल्या उमेदीची चोवीस वर्षे देशाच्या सीमेवर घालविली, त्याचे नाव दोन पावसाळे टिकू नये, आणि तेही सुताराच्या गावात, हे मला लागले. मी त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेलो. ज्या भिंतीवरून तो फलक उतरविला होता, त्याच भिंतीवर शेजारी दुसरा एक फलक होता. निरोपाच्या वेळी त्यांच्या पलटणीने दिलेला तो होता. अस्सल लाकडाची ढाल, तिच्यावर पितळी चिन्ह आणि खाली पितळी पट्टीवर खोल कोरलेले नाव. भिंत तीच, ओल तीच, पाऊस तोच. परंतु इतक्या वर्षांत त्याला केसाएवढीही भेग गेली नव्हती. एक फलक करणाऱ्याने वस्तू केली होती, आणि दुसरा करणाऱ्याने वस्तूचे सोंग केले होते. तेथूनच माझ्या मनात या विषयाने घर केले.

प्रथम हा सन्मानफलक म्हणजे काय ते पाहू. लष्करात माणूस एका ठिकाणी कायम राहत नाही. बदली, बढती, निवृत्ती हे चालूच असते. मनुष्य पलटण सोडून निघतो तेव्हा त्याचे सोबती पलटणीचे चिन्ह लाकडी ढालीवर बसवून, त्याखाली त्याचे नाव व सेवेचा काळ कोरून त्यास भेट देतात. पाहुणा अधिकारी आला तरी अशीच भेट देण्याची रीत आहे. पलटणीच्या कचेरीत आजवर होऊन गेलेल्या प्रमुखांची नावे सोनेरी अक्षरांत लिहिलेला लाकडी पट असतो. आरमारात प्रत्येक जहाजाचे स्वतःचे चिन्ह असते, आणि जहाज परक्या बंदरात गेले म्हणजे तेथील यजमानांना त्या चिन्हाचा लाकडी फलक भेट म्हणून देतात. अशा भेटीत पैशाची किंमत फार नसते. ‘तू आमच्यातला होतास’ एवढे एक वाक्य त्या लाकडाने बोलावयाचे असते. जो चोवीस वर्षे एका पलटणीस आपले घर मानीत आला, त्याला त्या वाक्याची किंमत किती, हे बाहेरच्या माणसास सहसा कळत नाही.

या बाबतीत आपल्या मुळशी तालुक्याचे स्थान मोठे मजेदार आहे. आपल्या भोवती पाहा. खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. पंडित नेहरूंनी 1949 साली तिचा पाया घातला आणि 1955 पासून तेथे तिन्ही दलांचे भावी अधिकारी एकत्र शिकत आहेत. खडकीस बॉम्बे सॅपर्स म्हणजे बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे केंद्र. लोणावळ्यास 1945 पासून आरमाराची ‘शिवाजी’ ही संस्था असून, तेथे जहाजांच्या यंत्रांचे शिक्षण मिळते. देहूरोडला लष्कराचा मोठा तळ. आणि दूर बेळगावास मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, जिची पहिली पलटण 1768 साली उभी राहिली आणि जिचे ब्रीद ‘कर्तव्य, मान, साहस’ असे आहे. एवढ्या लष्करी ठाण्यांच्या मध्ये आपण राहतो. तेथे दरवर्षी शेकडो निरोपसमारंभ होत असतील. त्यांतील फलक कोठून येतात, कोण करतो, कशाचे करतो, याचा विचार आपल्या समाजातील किती कारागिरांनी केला आहे?

कोणी म्हणेल, ही तर साहेबांनी आणलेली रीत. आपल्यात असे काही नव्हते. वस्तुतः तसे नाही. रणात पडलेल्या माणसाचे नाव राखण्याची आपली रीत फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यातील कित्येक गावांच्या देवळाबाहेर किंवा वेशीजवळ शेंदूर फासलेले उभे दगड दिसतात. पुष्कळांस ते देवच वाटतात. ते वीरगळ होत. त्यांवर खालून वर वाचावयाचे असते. खाली लढाई आणि धारातीर्थी पडलेला वीर, त्यावर त्याला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा करणारा तो वीर, आणि सर्वांत वर चंद्रसूर्य. जोवर चंद्रसूर्य आहेत तोवर या माणसाची कीर्ती राहो, हा त्याचा अर्थ. बहुतेक वीरगळांवर नाव नाही. परंतु गावाने त्या माणसासाठी दगड उभा केला, ही गोष्ट राहिली.

ही झाली पाथरवटाची कामगिरी. लाकडाचेही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मेळघाटातील कोरकू लोक आपल्या मृतांच्या स्मरणार्थ सागाच्या लाकडाचा खांब कोरून उभा करतात. त्यास ते मुंडा म्हणतात. त्यावर घोडेस्वार असतो आणि वर चंद्रसूर्यही असतात. म्हणजे घाटावरचा पाथरवट आणि सातपुड्यातला कोरकू कारागीर, ज्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नसेल, ते दोघेही स्मरणाच्या वस्तूवर एकच खूण कोरीत होते. तेव्हा स्मरणासाठी लाकूड कोरणे हे आपणांस परके नाही.

पहिल्या महायुद्धानंतरची एक हकिकत सांगण्याजोगी आहे. त्या युद्धात रणभूमीवर पुरलेल्या सैनिकांच्या डोक्याशी आरंभी साधे लाकडी क्रूस होते. दगडी खुणा मागाहून आल्या. ब्रिटिश साम्राज्याच्या सेवेत मेलेल्या माणसाच्या घरी सरकारने एक काशाचे गोल फलक पाठविले. ते वीतभरही रुंद नव्हते. अशी साडेतेरा लाखांच्या आसपास फलके ओतली गेली आणि त्यांत हिंदी सैनिकांच्या घरी आलेलीही होती. त्या फलकावर मृताचे नाव असे, परंतु हुद्दा मुद्दाम घातलेला नसे. सेनापती असो की शिपाई असो, प्राण दिल्यावर त्यागाचे माप एकच, हा त्यामागील विचार. साम्राज्याचे आपल्यावरील दोष मोजावे तेवढे थोडेच आहेत. परंतु ही एक गोष्ट मला शिकण्याजोगी वाटते. ती का, हे पुढे सांगेन.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाचे नाव आपण ऐकले असेल. त्या एका गावातील 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि त्यांचा स्मृतिस्तंभ गावात उभा आहे. आज लोक त्या गावास ‘मिलिटरी अपशिंगे’ असे म्हणतात. पुण्यास दक्षिण विभागाचे राष्ट्रीय युद्धस्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले आणि 1998 च्या स्वातंत्र्यदिनी ते राष्ट्रास अर्पण झाले. अशी मोठी स्मारके सर्वांसाठी असतात. परंतु घरातील भिंतीवरचा फलक एका माणसाचा असतो. स्मारकापुढे आपण वर्षातून एकदा नमस्कार करतो, भिंतीवरच्या फलकाखाली नातू रोज जेवतो आणि एके दिवशी विचारतो, “आजोबा, हे काय लिहिलंय?” त्या प्रश्नासाठी तो फलक शाबूत राहिला पाहिजे.

आता आपल्या धंद्याची गोष्ट. येथे कारागीर मंडळी बसली आहेत. त्यांना मी रंधा धरण्यास शिकवावे हे शोभणार नाही. माझ्या वडिलांनी मला वाकसाऐवजी पाटीपेन्सिल दिली. तथापि त्यांच्या हाताखाली लहानपणी जे पाहिले आणि हवालदारांच्या फलकाच्या निमित्ताने माझ्या पुतण्याकडून जे समजून घेतले, ते थोडक्यात मांडतो.

फलक फुगला तो लाकडाचा नव्हताच. लाकडाचे बारीक तंतू चिकटद्रव्यात कालवून यंत्राखाली दाबतात आणि त्यांची फळी करतात. बाजारात तिला एमडीएफ म्हणतात. ती गुळगुळीत असते, स्वस्त असते, आणि कोरड्या जागी बरीही टिकते. परंतु तिच्या उघड्या कडेतून ओल शिरली की ती फुगते आणि पुन्हा पूर्ववत् होत नाही. मुळशीच्या पावसाळ्यात ती भिंतीवर लावणे म्हणजे मिठाचे खडे अंगणात ठेवण्यासारखे आहे.

अशा कामास सागवान उत्तम. त्याच्या अंगी उपजत तेल असल्यामुळे त्यास वाळवी सहसा लागत नाही आणि ओलीनेही ते फारसे वाकत नाही. मात्र हा गुण गाभ्याच्या लाकडाचा आहे. सालीलगतचे पांढरट लाकूड सागाचे असले तरी किडा त्यास सोडीत नाही. शिसव अधिक जड आणि अधिक देखणे, परंतु महाग आणि कठीण. जुन्या वाड्यांच्या तुळया, कडीपाट, मोडकी दारे यांतून निघणारे सागवान हे या कामास सर्वांत चांगले, कारण ते दोन-तीन पिढ्या वाळलेले असते. नव्या लाकडाविषयी जुन्या लोकांचा ठोकताळा असा, की इंचभर जाडीच्या फळीस सावलीत हवेशीर रचून एक वर्ष वाळू द्यावे. आज भट्टीत वाळविलेले लाकूड मिळते, त्यासही हरकत नाही. परंतु कालपरवा कापलेल्या ओल्या लाकडावर माणसाचे नाव कोरू नये.

लाकूड वाळले तरी त्याचा स्वभाव जात नाही. पावसाळ्यात ते रुंदीत वाढते आणि उन्हाळ्यात आक्रसते. लांबीत, म्हणजे रेषांच्या दिशेने, त्यात जवळजवळ फरक पडत नाही. जो कारागीर पितळी पट्टी रेषांना आडवी ठेवून चारी कोपऱ्यांत गच्च आवळून टाकतो, तो त्या लाकडाला चिरण्याची सक्तीच करतो. स्क्रूचे भोक किंचित लांबट ठेवले म्हणजे लाकडास हलण्यास जागा राहते. लोखंडी खिळा वापरू नये. तो गंजतो आणि त्याच्या भोवती काळा डाग पडतो. पितळी पट्टीस पितळी स्क्रूच शोभतो. पॉलिश पुढे द्यावे तसे मागेही द्यावे. पुष्कळ जण भिंतीकडची बाजू कोरी सोडतात. मग ती बाजू ओल पिते, पुढची पीत नाही, आणि फळी वाकते. लाखेचे पॉलिश दिसण्यात फार सुंदर, परंतु ओलीने त्यावर पांढरट डाग येतात. यास्तव आपल्या भागात चांगले वॉर्निश बरे. आणि फलकामागे दोन लहान ठोकळे लावावेत, म्हणजे भिंत व लाकूड यांच्यामध्ये वारा खेळतो. एवढे केले तर तो फलक नातवाच्या नातवापर्यंत जाईल.

अक्षरांविषयी माझा एकच आग्रह आहे. चिकटविलेले अक्षर हे उसने अक्षर होय. कोरलेले अक्षर त्या वस्तूचे होते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पिढ्यान्पिढ्या तांब्या-पितळेवर हात चालत आला आहे. जुन्या भांड्यांवर कोरलेली नावे चिंचेने हजार वेळा घासूनही आज वाचता येतात, हे आपल्या घरातील हंडा-कळशीवर आपण पाहिले असेल. आज लेसर किरणांनी अक्षरे कोरणारी यंत्रे आली आहेत. त्यांचा मी विरोधक नाही. शंभर फलकांवरील अक्षरे हाताने कोरीत बसा, असा हट्ट मी धरणार नाही. यंत्राने अक्षरे कोरावी, परंतु लाकूड निवडणे, वाळविणे आणि जोडणे ही कामे जाणत्या हाताची आहेत. यंत्र लाकडाचा स्वभाव विचारीत नाही. तो आपण विचारावयाचा असतो.

एक कायद्याची गोष्टही सांगून ठेवतो, कारण तरुण मुले उत्साहात चूक करतात. बहुतेक लष्करी चिन्हांत अशोकस्तंभाचे सिंह असतात. ती आपली राजमुद्रा होय. तिच्या गैरवापरास मनाई करणारा कायदा 2005 साली झाला आहे. कोणीही उठून आपल्या मनाने ती फलकावर कोरावी, असे चालत नाही. पलटणीने स्वतः काम दिले असेल तर त्यांनी दिलेल्या नमुन्याप्रमाणेच चिन्ह करावे. खाजगी सत्कार असेल तर चिन्हाचा मोह सोडावा. पलटणीचे नाव शुद्ध अक्षरांत लिहिले म्हणजे पुरे.

आणि काय लिहावे? शिक्षक या नात्याने हा भाग माझा आहे असे मी समजतो. पाच गोष्टी पुरेत: पूर्ण नाव, हुद्दा, पलटण, सेवेचे वर्ष पहिले व शेवटचे, आणि देणाऱ्याचे नाव बारीक अक्षरांत. आजकाल मी असे फलक पाहतो, की ज्यांवर देणाऱ्यांची नावे मोठी आणि घेणाऱ्याचे लहान असते. ‘नरवीर’, ‘रणमर्द’, ‘महापराक्रमी’ अशा विशेषणांची गर्दी असते, आणि त्या गर्दीत नाईकाचा हवालदार झालेला असतो किंवा पलटणीचा क्रमांक चुकलेला असतो. सैनिकास विशेषण नको असते. त्यास आपला हुद्दा बरोबर लिहिलेला हवा असतो. कोरण्यापूर्वी मजकूर त्यास किंवा त्याच्या घरच्यांस दाखवावा. कागदावरील चूक खोडता येते, लाकडावरील येत नाही.

समाजबंधूंनो, हे शेवटचे वाक्य मी पुस्तकातून शिकलेलो नाही. आता जे सांगणार आहे ते मी आजवर चारचौघांत सांगितलेले नाही. परंतु फलकांविषयी उपदेश करावयाचा आणि स्वतःची चूक झाकून ठेवावयाची, हे मनास पटत नाही.

माझे एक चुलते होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. ते 1957 साली खडकीस बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये भरती झाले आणि 1975 साली घरी परतले. त्यांचे लष्करातील काम सुताराचे. गावी आल्यावर पुन्हा तेच काम. लोकांच्या तिफणी, पाभरी, पुढे दारे-खिडक्या. लष्करातील गोष्टी ते सांगत नसत. कोणी विचारले तर म्हणत, “तिथंही करवत, हितंही करवत. सांगायचं काय?”

1998 साली गावातील तरुणांनी स्वातंत्र्यदिनी माजी सैनिकांचा सत्कार करण्याचे ठरविले आणि नावांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. मी यादी केली आणि तीत नानांचे नाव घातले नाही. लोकांना मी कारण सांगितले, की ‘गुरुजींनी आपलाच माणूस घातला’ असा बोल येऊ नये. ते कारण खोटे नव्हते, परंतु पुरेही नव्हते. खरे कारण असे, की जो तेथे जाऊन सुतारकामच करीत होता त्यास सैनिक कसे म्हणावे, असे मला वाटले. सुताराच्या पोटी जन्मलेल्या, चार बुके शिकलेल्या माणसाने सुतारकामास इतके हलके मानावे, यास काय म्हणावे? नाना त्या समारंभास आले होते. मागच्या ओळीत बसले होते. प्रत्येक नावास त्यांनी टाळ्या वाजविल्या. घरी आल्यावर ते मला एकच वाक्य बोलले: “फळ्या चांगल्या रंधलेल्या नव्हत्या रे.” माझ्यावर रोष नाही, तक्रार नाही. कारागिराचे लक्ष कारागिरीकडे गेले, असे मी तेव्हा समजलो आणि हसलो.

2009 साली नाना गेले. दिवसकार्य झाल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. आत सेवेची कागदपत्रे होती आणि फडक्यात बांधलेली पदके होती. त्यांत 1965 चे रक्षा पदक होते आणि 1971 चे संग्राम पदक होते. कागदांवरून कळले, की ते पूल बांधणाऱ्या तुकडीत होते. मी शिक्षक असूनही सॅपर म्हणजे काय याची तोवर कधी चौकशी केली नव्हती. मग मी वाचू लागलो. फौज पुढे जाण्यापूर्वी जो पुढे जातो, सुरुंग काढतो, नदीवर पूल घालतो, रस्ता मोकळा करतो, तो सॅपर. त्याच बॉम्बे सॅपर्समधील रामा राघोबा राणे यांना परमवीरचक्र मिळाले. हे कारवारकडील चेंडिये गावचे. 1948 च्या एप्रिलमध्ये नौशेरा ते राजौरी या रस्त्यावर शत्रूच्या माऱ्यात त्यांनी सुरुंग काढले आणि आडवे पाडलेले मोठमोठे वृक्ष दूर केले, म्हणून रणगाडे पुढे जाऊ शकले. हे सन्मान जिवंतपणी स्वीकारणारे ते पहिले वीर. वाचता वाचता मी थांबलो. रस्त्यात पाडलेली झाडे दूर करणे! हे काम ज्यांच्या हातांना येते ते लोक कोण? माझ्या घरातील माणूस त्या जातीच्या कामात अठरा वर्षे होता, आणि मी त्यास सैनिकांच्या ओळीतून उठवून मागे बसविले होते.

त्या काशाच्या फलकाविषयी मी मघाशी बोललो, त्याचे कारण हे. हुद्दा न घालणाऱ्यांना जे कळले होते ते मला कळले नव्हते. लष्करात बंदूक चालविणारा असतो, तसा अन्न शिजविणारा असतो, केस कापणारा असतो, जोडे शिवणारा असतो, लाकूड तासणारा असतो. या सर्वांच्या अंगावर गणवेष एकच असतो, आणि तोफगोळा पडतो तेव्हा तो धंदा विचारून पडत नाही.

पुढे मी नानांचा फलक केला. म्हणजे करविला. त्यांच्याच कामाच्या बाकाची सागवानी फळी होती, जिच्यावर त्यांच्या पटाशीचे घाव होते. पुतण्याने ती रंधण्यास घेतली तेव्हा मी त्यास म्हणालो, “पुढची बाजू रंध, मागची राहू दे.” मागे ते घाव तसेच आहेत. पुढे पितळी पट्टीवर नानांचे नाव, त्याखाली ‘सॅपर, बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, 1957 ते 1975’, आणि त्याखाली मी एकच शब्द घालविला: ‘सुतार’. तो फलक आमच्या ओटीवर आहे. येणारे-जाणारे वाचतात, चांगला झाला म्हणतात. परंतु ज्याने वाचावा तो वाचू शकत नाही. अकरा वर्षे तो माणूस माझ्यासमोर वावरत होता. एवढीशी फळी, चार पितळी स्क्रू आणि दोन ओळी. यांस अकरा वर्षे कमी नव्हती.

म्हणून माझी पहिली विनंती हीच आहे. सन्मान करावयाचा तो माणूस ऐकत आहे, पाहत आहे, तोवर करावा. दुसरी विनंती अशी, की आपल्या घरी, आपल्या आळीत, कोणी लष्करात सुतार, लोहार, स्वयंपाकी, न्हावी, धोबी म्हणून राबून आला असेल, तर त्याची कागदपत्रे पाहा, त्यास चार गोष्टी विचारा आणि त्या लिहून ठेवा. तो ‘सांगायचं काय’ असे म्हणेल. तरीही विचारा.

तिसरी विनंती आपल्या संस्थेस आहे. आपल्यात लाकूड जाणणारे हात अजून आहेत. बलुते गेले, नांगर-कुळव गेले, आणि आमच्या नांद्यासारख्या गावात जेथे आंबेमोहोराची खाचरे होती तेथे आता इमारती उठत आहेत. त्या इमारतींत तयार सामान बाहेरून येते आणि आपली मुले ते बसविण्यापुरती उरतात. अशा काळी आपल्या संस्थेने दरवर्षी तालुक्यातील काही माजी सैनिकांचे फलक आपल्या कारागिरांकडून करवावेत. ते जात न विचारता करावेत, कारण सीमेवर ती विचारली गेली नव्हती. मजुरीचा रास्त मोबदला कारागिरास मिळावा. परंतु ज्या घरचा जवान रणात पडला आहे, त्या घराकडून एक पैसा घेऊ नये. लाकडाचा खर्च आपण सर्वांनी मिळून सोसावा. तो आपणांस जड नाही.

आणि हेही विसरू नये, की फलक दिला म्हणजे ऋण फिटले असे होत नाही. वीरपत्नीच्या हाती फलक देऊन छायाचित्र काढावयाचे, आणि तिच्या निवृत्तिवेतनाचा कागद अडला असता मात्र कोणी फिरकावयाचे नाही, अशी कृतज्ञता एमडीएफच्या फळीसारखी होय. पहिल्या पावसात ती फुगते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे अशा कुटुंबांसाठीच आहे. तेथपर्यंत त्यांच्याबरोबर जाणे, अर्ज लिहून देणे, एवढे तर माझ्यासारखा निवृत्त शिक्षकही करू शकतो, आणि मी ते करीत असतो. 7 डिसेंबर हा दिवस 1949 सालापासून सेनादलांचा ध्वजदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी पेटीत नाणे टाकावे, आणि एका घरी जाऊनही यावे.

हवालदारांच्या फलकाचे काय झाले, ते सांगून संपवितो. मी त्यांची अक्षरे परत चिकटविली नाहीत. पुतण्याने एका जुन्या वाड्याच्या दाराची सागवानी फळी आणली, तीन आठवडे मोकळ्या वेळात काम केले आणि नवा फलक केला. चिन्ह घातले नाही. नाव, हुद्दा, पलटण, वर्षे. आणि खाली बारीक अक्षरांत गावातील त्या तरुणांच्या मंडळाचा उल्लेख, कारण प्रेम त्यांचेच होते, चूक फक्त फळीची होती. फलक नेऊन दिला तेव्हा हवालदारांनी तो उलटा करून मागची बाजू पाहिली, पॉलिशवरून अंगठा फिरविला, मग पुढची बाजू वळवून नाव दोनदा वाचले. म्हणाले, “बरोबर आहे.” एवढेच. मराठा पलटणीच्या हवालदाराकडून याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळत नसावे.

गेल्या पावसाळ्यानंतर मी मुद्दाम त्यांच्याकडे जाऊन आलो. दोन्ही फलक शेजारी शेजारी आहेत. ओल दोघांनाही लागलेली नाही.

 

जय हिंद.